दुसऱ्या बाजूची तारीफ

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी डोळे पुसतात. मी पुसणार नाही. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि मला किळस आली आहे. कशाची, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे चाळीस बायका रांगेत बसून तारा जोडत. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईला सगळ्या चेष्टेने 'सावकाश' म्हणत, कारण इतरांची तीन यंत्रं होईपर्यंत हिची दोनच व्हायची. पण हिची यंत्रं कधी दुरुस्तीला परत आली नाहीत. माझा एक सांधा तिला पसंत पडेना, म्हणून तिने तो दोनदा उकलून पुन्हा जोडला. मुकादम डोक्यावर येऊन ओरडत होता, तरी तिने मान वर केली नाही. माझ्या अंगात जो चोखंदळपणा आहे, तो तिच्याकडून आलेला आहे. त्याचा मला फार त्रास झाला.

मला विकत घेतलं ते चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका माणसाने. त्यांना सगळे काचवाले म्हणत. त्यांच्या दुकानामागच्या खोलीत मला जागा मिळाली. तिथे दर शनिवारी दुपारी चार जण जमायचे: काचवाले स्वतः, औषधाच्या दुकानात बसणारी मावशी, टपाल कचेरीत पत्रं निवडणारे एक गृहस्थ आणि चित्रकलेचे मास्तर. सध्या काय ऐकताय, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पण त्याचं उत्तर तोंडाने द्यायची सोय नव्हती. ज्याची पाळी असेल त्याने रेकॉर्ड काखेत मारून आणायची, माझ्यावर लावायची आणि सगळ्यांनी ती गप्प बसून संपेपर्यंत ऐकायची. नंतर प्रत्येकाने आपल्याला काय ऐकू आलं ते एका वाक्यात सांगायचं. 'फार छान' असं जो म्हणेल त्याने उठून चहा करायचा.

टपालवाल्यांनी पहिलं वर्षभर चहाच केला. मग एका शनिवारी ते हळूच म्हणाले, की गाणारीने वरचा सूर घेण्याआधी श्वास घेतला तो मला ऐकू आला. त्या दिवशी मास्तर उठले आणि त्यांनी आपणहून आधण ठेवलं.

काचवाल्यांची लेक तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. ती माझ्या टेबलाखाली बसून टेबलाच्या पायाला कान लावायची. काचवाले रोज मऊ फडक्याने माझी धूळ पुसत, आणि आठवड्यातून एकदा बारीक कुंचल्याने सुई झाडत. सुई म्हणजे माझ्या हाताच्या टोकाला असलेला हिऱ्याचा कण, तांदळाच्या कणीहूनही लहान. ते तिच्याशी असे वागत की जणू घरात तान्हं मूल आहे.

औषधवाल्या मावशीची थोरली बहीण व्हायोलिन वाजवायची. नाव मोठं झालं नाही, पण हात खरा होता. तिच्या शिष्यांनी मिळून तिची एक रेकॉर्ड काढायचं ठरवलं. एका बाजूचं वादन झालं आणि ती आजारी पडली. दुसरी बाजू पुढच्या महिन्यात करू म्हणाले. तो महिना तिला मिळाला नाही. मग शिष्यांनी आहे तेवढंच छापलं. वेष्टन मात्र आधीच तयार होतं. त्यावर दोन्ही बाजूंच्या वादनाचा मजकूर होता. आत तबकडीची एक बाजू रेघांनी भरलेली आणि दुसरी पाटीसारखी कोरी.

थोड्याच प्रती निघाल्या होत्या. काही फुटल्या, काही कुठे गेल्या ते कळलं नाही. मावशीने आपली प्रत काचवाल्यांकडे ठेवली होती, कारण तिच्या घरी यंत्र नव्हतं. वर्षातून एकदा ती यायची, पाठ ताठ करून बसायची आणि बहिणीची ती एक बाजू ऐकून जायची. त्या दिवशी कोणाला वाक्य विचारत नसत.

मास्तर गेले, टपालवाले मुलाकडे राहायला गेले, आणि एका हिवाळ्यात काचवालेही गेले. मी लेकीच्या घरी आलो. इथून पुढे जावईबापूंचं राज्य.

जावईबापू फरशांच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवतात. बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. त्यांनी मला दिवाणखान्यात खिडकीशी मांडलं, तेव्हा मी खुळा, मला वाटलं दिवस पालटले. खिडकीशी उजेड चांगला पडतो म्हणून मला तिथे ठेवलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

जावईबापूंच्या फोनवर सहाशे माणसांचा एक गट आहे. त्याचं नाव 'सध्या ऐकतोय'. शास्त्रीय संगीताचे सहाशे दर्दी रोज सकाळी तिथे आपण काय ऐकतोय ते एकमेकांना सांगतात. जावईबापूंची पद्धत अशी. सासऱ्यांच्या कपाटातून एक वेष्टन काढायचं आणि मला टेकवून उभं करायचं. आतली तबकडी आतच. माझ्यावर कायमची एकच रेकॉर्ड, कारण तिच्या मधल्या गोल कागदाचा लाल रंग खिडकीच्या उजेडात खुलून दिसतो. ती रेकॉर्ड टंकलेखन शिकवणारी आहे. शेजारी कॉफीचा कप. सुईवरची टोपी तशीच. मग फोटो. मग वेष्टनाच्या मागचा मजकूर थोडा इकडचा तिकडे करून लिहायचा, वर 'शब्द थिटे पडतात' असं म्हणून चाळीस ओळी. हे सगळं चालू असताना समोर टीव्हीवर चार माणसं एकमेकांवर खेकसत असत.

मला त्या कपाची शिसारी यायची. त्याचे चिकट गोल माझ्या झाकणावर उमटत. चमक यावी म्हणून ते माझ्यावर वासाचं पाणी फवारत, ते फटीतून आत उतरे आणि त्यावर धूळ बसून राप चढे. पण त्याहून शिसारी त्या 'वा' आणि 'क्या बात है'ची. पाचशे नव्व्याण्णव जण त्यांच्या फोटोला दाद देत आणि ते पाचशे नव्व्याण्णवांच्या. उंटाच्या लग्नात गाढव गवई म्हणतात ते हेच. तो म्हणतो काय तुझं रूप, हा म्हणतो काय तुझा गळा. टोपी न काढलेली सुई प्रत्येक फोटोत ढळढळीत दिसत होती. सहाशे दर्द्यांत एकालाही ती दिसली नाही.

न फिरणाऱ्या यंत्राचं रबर कुजतं. माझी थाळी फिरवणारा पट्टा वितळून काळा चिकट गोळा झाला. जावईबापूंचं बोट एकदा त्याला लागलं, तेव्हा ते 'शी' म्हणाले आणि माझ्याच झाकणाला बोट पुसलं. शी म्हणायचा हक्क खरा माझा होता.

मग एका सकाळी त्यांच्या हाती मावशीच्या बहिणीचं वेष्टन लागलं. त्यांनी फोटो काढला आणि लिहिलं: "सध्या ऐकतोय. पहिली बाजू उत्तम, पण दुसऱ्या बाजूवरचा संथ भाग म्हणजे कळस. डोळे कधी पाणावले कळलंच नाही." दुपारपर्यंत दोनशे जणांनी टाळ्या वाजवल्या. तिघांनी कळवलं की दुसरी बाजू आमचीही फार आवडती. एकाने तर ती आपण रोज रात्री झोपताना लावतो म्हणून सांगितलं.

मावशी त्या गटात होती. तिने चारचौघांत त्यांची फजिती केली नाही. फोन केला आणि एवढंच म्हणाली की डावा कान गेलाय, उजवाही झपाट्याने उतरतोय, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत, तेव्हा तो आहे तोवर बहिणीचं वादन एकदा ऐकायला येते. जावईबापू मधाळ आवाजात म्हणाले, "मावशी, घर तुमचंच आहे. फक्त या आठवड्यात नको, रंगकाम काढलंय."

रंगकाम कुठलं आलंय. मग पाहुणे आले, मग वायर मागवली, मग ते स्वतः आजारी पडले. नाचता येईना अंगण वाकडं. माझा पट्टा दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात मिळतो, पण मला दुरुस्त करायचं म्हणजे ऐकायची पाळी आली असती. असे चार महिने गेले. लेकीला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटी मावशीने लेकीला चिठ्ठी लिहिली, कारण फोनवरचं बोलणं तिला आता ऐकू येईना. "बाळ, त्या रेकॉर्डला दुसरी बाजूच नाही, हे जावईबापूंना हळूच सांग. उगाच हसं नको व्हायला. पण मला एकदा पहिली ऐकू दे."

लेकीने चिठ्ठी दोनदा वाचली. मग कपाटातून तबकडी काढून कोरी बाजू वर करून नवऱ्यापुढे धरली.

"ही तू बाहेर तरी काढली होतीस का?"

"अगं, सगळे असंच लिहितात," जावईबापू म्हणाले. "एवढं बसून कोण ऐकतंय?"

ती उठून बाजारात गेली. पट्टा घेऊन आली, पेचकस शोधला, मला उलटं केलं आणि स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तो काळा राप पुसत बसली. तीन वर्षांत मला पहिल्यांदा कोणी माणसासारखा हात लावला होता.

रविवारी सकाळी मावशी आली. खुर्ची स्पीकरला लागून ठेवली होती. लेकीने सुईवरची टोपी काढली, हात उचलला आणि सुई टेकवली. मित्रांनो, मी आयुष्यात इतका चांगला वाजलो नव्हतो. नवा पट्टा, स्वच्छ सुई, आणि ते व्हायोलिन. गजाचं लाकूड तारेला लागतं तेसुद्धा मी जसंच्या तसं दिलं. मावशी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसली होती. दोन-तीन मिनिटं तशीच वाट पाहत राहिली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "सुरू केलीस का गं?"

लेकीने मान डोलावली. मावशीने माझ्या फिरणाऱ्या थाळीकडे पाहिलं, मग हात वर करून उजव्या कानावर ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच क्षणी जावईबापूंनी फोटो काढला.

संध्याकाळच्या आत तो सहाशे लोकांनी पाहिला. खाली लिहिलं होतं: "आज आमच्या घरी सूर आणि अश्रू एक झाले. सध्या ऐकतोय." कोणीतरी विचारलं, आजींना दुसरी बाजूही ऐकवलीत ना? जावईबापूंनी उत्तर दिलं, अर्थात.

लेकीने मला आता खिडकीतून उचलून आपल्या खोलीत नेलं आहे. ती रोज एक बाजू ऐकते. माझं बरं चाललं आहे, म्हणून तुमच्याकडे स्वतःसाठी काही मागत नाही. एवढंच सांगतो, की ऐकलं नसेल तर नाही ऐकलं म्हणा, त्यात लाज वाटायचं कारण नाही. आणि कोणी काही ऐकवा म्हणून मागितलं, तर पुढच्या आठवड्यावर टाकू नका. माझा पट्टा दोन गल्ल्या पलीकडे मिळाला. मावशीचा कान कुठल्याच दुकानात मिळाला नसता.