भाड्याने आणलेला ड्रम

मित्रांनो, माझ्या अंगावर दोन नावं आहेत. वरचं नाव काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत, 'भोंगा'. त्याच्याखाली दडलेलं निळं, 'नवप्रकाश गायन पार्टी, बी.डी.डी. चाळ, वरळी'. मी एक जुना, पोटाने मोठा ड्रम आहे, आणि या दोन नावांच्या मधल्या काळ्या थराची मला बरीच वर्षं लाज वाटत आली आहे.

ग्रँट रोडच्या एका कारागिराने मला घडवलं आणि गिरणीत काम करणाऱ्या कोंडीराम नावाच्या तरुणाने गळ्यात अडकवून चाळीत आणलं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत मी सगळ्यांच्या पुढे असायचो. कोंडीरामने टोला दिला, की गॅलऱ्यांतली पोरं नाचायला खाली धावायची. तेव्हा मला फार भाव होता. पुढे गिरणी बंद पडली, मिरवणुकीत डीजे आला आणि माझी रवानगी खाटेखाली झाली. माझ्यावर गोधड्यांची चळत रचली गेली.

तिथून मला बाहेर काढलं ते कोंडीरामच्या मुलीने, संघमित्राने. कॉलेजात तिला शंतनु आणि सुशांत भेटले. शंतनु दादरचा, गिटार वाजवणारा. सुशांत लालबागचा, गाणारा. गाणारा म्हणायचं आपलं. तो पोटातून असा काही घोगरा आवाज काढायचा, की लालबागला त्याच्या घरी पहिली तालीम झाली तेव्हा शेजारच्या मावशी त्याच्यासाठी ओवा घेऊन आल्या. या संगीताला डेथ मेटल म्हणतात, हे मला नंतर कळलं. संघमित्रा मला तिथे नेऊन दोन्ही पायांनी पेडल मारायची आणि माझा जीव घाबराघुबरा व्हायचा. पण खोटं कशाला सांगू, मजा यायची.

बँडचं नाव तिनेच सुचवलं, गिरणीच्या भोंग्यावरून. ते माझ्यावर रंगवायचं ठरलं तेव्हा रंगाचा डबा कोंडीरामने धरला होता. निळ्यावर काळ्याचे दोन हात दे, नाहीतर खालचं दिसेल, असं त्यानेच तिला सांगितलं. त्याला वाटलं, पोरीला काम सुबक हवंय.

पहिला मोठा कार्यक्रम परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या हॉलमध्ये होता. कोंडीराम मला खांद्यावर घेऊन वरळीहून चालत आला आणि घामाने निथळत दारात उभा राहिला. शंतनुने सहज विचारलं, "हे कोण गं?"

संघमित्राच्या तोंडून निघून गेलं, "ड्रम भाड्याने आणलाय. ते पोचवायला आलेत."

मित्रांनो, चाळ कळली, निळी अक्षरं कळली, की जात कळेल आणि या लोकांची आपल्याकडे बघायची नजर बदलेल, ही भीती तिच्या मनात घर करून होती. पण बोलल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. तिने बापाकडे पाहिलं.

कोंडीरामने मला खांद्यावरून खाली ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, परत न्यायला कधी येऊ?"

शंतनु भला मुलगा. भाड्याच्या ड्रमवर बँडचं नाव कसं, हेही त्याने विचारलं नाही. काका, आत येऊन बसा, असं तो म्हणाला. कोंडीरामने सांगितलं, की एवढा आवाज सोसत नाही. ज्याने अर्धं आयुष्य गिरणीच्या खडखडाटात काढलं, तो असं म्हणाला, आणि फाटकाबाहेरच्या पानटपरीशी जाऊन उभा राहिला. आत टाळ्या पडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी गेल्यावर कोंडीरामने मला पुसलं आणि संघमित्राने त्याला जेवायला वाढलं.

पुढे बँड फुटला. गाणी मराठीत करायची की इंग्रजीत, यावरून सुशांत आणि शंतनु भांडले. ऐकणाऱ्याला एक शब्द कळत नव्हता, तरी दोघांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं. मी खाटेखाली गेलो. मग सुशांतच्या लग्नात दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मी बाहेर आलो. मग सुशांतचा घसा गेला, शंतनु नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि मी परत खाटेखाली. दरवेळी कार्यक्रमाला मला कोंडीराम घेऊन यायचा, दारात 'मॅडम' म्हणायचा आणि बाहेर जाऊन उभा राहायचा. आज सांगून टाकायचं, असं संघमित्रा दरवेळी ठरवायची. दरवेळी कार्यक्रम तसाच संपायचा. तिची ती तगमग माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही, कारण तेव्हा ती मला जरा जास्तच जोरात बडवायची.

यंदा चाळ रिकामी झाली आणि आम्ही टॉवरमध्ये राहायला गेलो. त्याच सुमारास सुशांतचा घसा सुधारला, शंतनु मुंबईत परतला आणि तिघं पुन्हा एकत्र आली. हॉल तोच, परळचा. कोंडीरामचा गुडघा आता साथ देत नाही, म्हणून तो टॅक्सीने आला, मला मांडीवर घेऊन. दारात 'मॅडम' म्हणाला आणि काठी टेकत बाहेर गेला.

दोन गाणी झाल्यावर संघमित्राने माइक हातात घेतला. हा ड्रम माझ्या वडिलांचा आहे, बाहेर उभे आहेत ते माझे वडील आहेत आणि मी इतकी वर्षं खोटं बोलले, असं तिने चारचौघांत सांगून टाकलं. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. पण ज्याच्यासाठी ते होतं, तो टपरीशी उभा होता. त्याच्या कानावर काहीच गेलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती मला घेऊन बाहेर आली. मागोमाग शंतनु आला. त्याला पाहताच कोंडीराम लगबगीने पुढे झाला.

"मॅडम, उचलू का?"

संघमित्राला रडू फुटलं. "पप्पा, पुरे आता. मी सांगितलं सगळ्यांना. तुम्ही माझे वडील आहात म्हणून."

शंतनुला कोंडीरामच्या नजरेला नजर देता येईना. कोंडीरामने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग लेकीकडे.

"आणि ड्रम भाड्याचा नाही, ते सांगितलंस?"

तिने हो म्हणून मान हलवली आणि तिथेच फुटपाथवर बसून नखाने माझा काळा रंग खरवडायला लागली. 'गायन पार्टी' एवढंच वर आलं आहे, बाकीचं अजून खाली आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्यांना अधूनमधून ऊन दाखवा, त्यांच्यावर गोधड्या रचू नका. पण त्याहून मोठी विनंती एकच. ज्याने ते वाद्य खांद्यावरून आणलं, त्याच्याकडे बघून कोणी 'हे कोण' असं विचारलं, तर लगेच खरं उत्तर द्या. त्या उत्तराची वाट पाहत आमचा कोंडीराम पानटपरीशी म्हातारा झाला.