निम्म्याची कात्री

नगरपालिकेचं अंदाजपत्रक म्हणजे दुप्पट मागायचं आणि निम्मं घ्यायचं. पाणी खात्याला एक पंप हवा असला की ते दोन लिहिणार, नगराध्यक्ष एक छाटणार आणि दोघंही खूश. हा व्यवहार लेखापालाइतका कुणाला ठाऊक नव्हता. इतकी वर्षं त्यानेच तो निभावला होता.

यंदा मात्र दवाखान्याची मागणी लिहिताना त्याचा हात अडला. गावातलं एकुलतं एक डायलिसिस मशीन शेवटच्या घटका मोजत होतं आणि त्याच मशीनवर त्याची वहिनी जगत होती. आईच्या माघारी जिने त्याला जेवू-न्हाऊ घातलं, ती. घरच्या माणसासाठी आकडा फुगवला असं कुणी म्हणायला नको, म्हणून या शहाण्याने दोनऐवजी एकच मशीन लिहिलं. इथेच माशी शिंकली.

सभेत कात्री फिरली. सरसकट निम्मं.

लेखापाल उभा राहिला. "साहेब, दवाखान्याचं कापू नका. ती मागणी खरी आहे."

"म्हणजे बाकीच्यांच्या खोट्या?" नगराध्यक्षांनी हसत विचारलं.

सगळे खातेप्रमुख त्याच्याकडे डोळे वटारून बघू लागले. एरवी तो मूग गिळून खाली बसला असता. पण आज त्याला वहिनीचे सुजलेले पाय दिसत होते.

"हो, खोट्या. दरवर्षीच्या. मीच लिहून घेतो."

नगराध्यक्षांचं हसू मावळलं.

"इतकी वर्षं खोटं लिहिलंत, मग आजचंच खरं कशावरून? बसा खाली. पुढचा विषय घ्या."

तो घरी आला तेव्हा वहिनी ओसरीवर पाय लांब करून बसली होती.

"झालं का मंजूर, भाऊजी?"

"निम्मं झालं."

"अहो, अर्ध्या मशीनचं काय लोणचं घालायचंय?" ती हसली, पण त्याचा चेहरा बघून "काय झालं?" म्हणाली. मग त्याने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

वहिनीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून ती त्याला अहो-जाहोच करायची. आज तेवढं भान तिला राहिलं नाही.

"सगळ्या गावासाठी खोटं लिहिलंस रे," ती म्हणाली, "मग माझ्यासाठीच का नाही लिहिलंस?"