दोन सुपाऱ्यांचा वाटा

आमच्या दिशाचं बारसं झालं ते २०१८ साल. दिशा म्हणजे माझी नात, संतोषची पहिली मुलगी. घुगऱ्या वाटून व्हायच्या होत्या, तेवढ्यात बिल्डरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्यालाही वाटीभर घुगऱ्या दिल्या. खाता खाता तो सांगू लागला, सिन्नर फाट्याकडून नाशिकरोड स्टेशनला जाणारा हा रस्ता आता मोठा होणार, बसचा थांबा येणार, पलीकडे दुकानांची रांग उभी राहणार, आणि अशा मोक्याच्या जागेवर शेवंती लावणं म्हणजे... इथे तो थांबला.

माझी थोरली जाऊ कुसाबाई म्हणाली, "बोला की. शेवंती ऐकत नाय."

घरात वडीलधारी माणसं आम्ही चारच. थोरले दीर केरू, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांची बायको कुसाबाई. धाकटे लहानू, म्हणजे माझे मालक. आणि मी. फुलं लावायची, तोडायची, बाजारात न्यायची, हे आमचं पिढ्यांचं काम. कुसाबाईचं त्यातलं काम वेगळं होतं. ती रोज पहाटे गजऱ्यांची पाटी घेऊन स्टेशनच्या दारात बसायची. पंचवटी एक्स्प्रेसने नोकरीला जाणाऱ्या बाया तिची गिऱ्हाइकं. कोणाला अबोली लागते, कोणाला मोगऱ्याने शिंका येतात, कोणाची सासू आजारी आहे, सगळं तिला ठाऊक. पण गुडघ्यांनी तिला दगा दिला होता. पाटी घेऊन जायची ती अर्ध्या वाटेत दोनदा बसायची.

जमीन बिल्डरला द्यायची ठरली. बदल्यात दोन घरं आणि एक गाळा मिळणार होता. एक घर रस्त्याकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, त्याच्या बरोबर खाली गाळा, आणि गाळ्यासमोरून स्टेशनची वाट. दुसरं घर मागच्या इमारतीत सातव्या मजल्यावर. ते एका खोलीने मोठं.

काम सुरू झालं तेव्हा कुंपणावर बिल्डरने बोर्ड लावला. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गाला बसले होते, म्हणून तो मीच वाचून दाखवला. स्टेशन दोन मिनिटांवर, बाजार एका मिनिटावर.

"कोणाच्या पायांनी?" कुसाबाईने विचारलं.

आता कोणतं घर कोणाचं, हे ठरायचं होतं. आमच्यात वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. धाकटा कोणता उचलेल ते माहीत नसतं, म्हणून थोरला वाटे सारखे पाडतो. आणि वाटे पाडणाऱ्याने आपल्याला कोणता हवा ते तोंडातून काढायचं नाही. सासरे गेले तेव्हा भांडीकुंडी, गुरं, सगळं असंच वाटलं गेलं. एक शब्द वाढला नाही. प्रत्येक वस्तूमागे एक सुपारी ठेवायची, सुपाऱ्यांचे दोन ढीग करायचे, धाकट्याने एक उचलायचा.

बिल्डरच्या ऑफिसात यादवसाहेब म्हणून इंजिनिअर होते. मोठं काचेचं टेबल, वर थंडगार मशीन. दादांनी खिशातून सुपाऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. यादवसाहेबांना वाटलं, पान करायचं आहे. त्यांनी शिपायाला चुना आणायला सांगितला.

"चुना नको," दादा म्हणाले. "हे पुढचं घर, हा गाळा." दोन सुपाऱ्या उजवीकडे गेल्या. "हे मागचं घर. त्याची एक खोली जास्त. ती खोली म्हणजे ही दुसरी." दोन सुपाऱ्या डावीकडे गेल्या.

दोन आणि दोन. सारखे वाटे. मालकांनी हात पुढे केला, तोच दादा म्हणाले, "थांब. मागच्या घराबरोबर गाडी लावायची जागा." डावीकडे तिसरी सुपारी पडली.

मालकांनी हात मागे घेतला.

"आणि बापाचं घंगाळ." चौथी.

"घंगाळ तर तुझ्याकडं आलेलं हाय दादा," मालक म्हणाले.

"आलं व्हतं. आता वाट्यात ठेवलं." दादांनी पुन्हा खिशात हात घातला. "आणि म्हैस."

यादवसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "केरूभाऊ, म्हैस करारात येणार नाही."

"करारात कोण म्हणतंय? वाट्यात हाय ती."

"सातव्या मजल्यावर?"

"लिफ्ट हाय म्हणालात ना तुम्ही?" कुसाबाई म्हणाली. शिपाई तोंड फिरवून हसला. पण कुसाबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती एकटक उजवीकडच्या दोन सुपाऱ्यांकडे बघत होती. मी ते पाहिलं, पण मला वाटलं, मशीनच्या गारठ्याने ती अशी बसली आहे. माझेही पाय गार पडले होते.

शेवटी दादांनी चेहेडीचं अर्धा एकर वावरही डाव्या ढिगात घातलं. आमची उरलेली गुलछडी तिथेच होती. आता डावीकडे सहा सुपाऱ्या आणि उजवीकडे दोन.

मालकांचे डोळे भरून आले. दादा आपल्याला लेकरासारखा जास्त देतोय, असं त्यांच्या मनात आलं. थोरल्याच्या ताटातलं एवढं सगळं ओढून घ्यायचं कसं? त्यांनी दादांच्या पायाला हात लावला आणि उजवीकडच्या दोन सुपाऱ्या उचलून खिशात टाकल्या.

दादा काचेवरच्या सहा सुपाऱ्यांकडे बघत राहिले. कुसाबाई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला. म्हशीची धार काढायची राह्यली."

घरं हातात यायला २०२२ उजाडलं. म्हैस त्याआधीच ओझरला गेली होती, दादांच्या लेकीच्या, उज्वलाच्या सासरी. घंगाळ मात्र सातव्या मजल्यावर चढलं आणि बाल्कनीत बसलं. रस्ता खरंच मोठा झाला, बसचा थांबा आला, दुकानं आली. स्टेशनच्या दारात बसणाऱ्यांना मात्र उठवलं. पाटी ठेवायला वीतभर जागा राहिली नाही.

आमच्या गाळ्याला एक मोबाइलवाला विचारायला येत होता. मालक त्याला होकार देण्याच्या बेतात होते.

एके दिवशी मी कुसाबाईकडे जायला लिफ्टमध्ये शिरले, तर आतल्या आरशाला गजरा. सातव्या मजल्यावर उतरले, तर समोरच्या दाराच्या कडीला गजरा, बाजूच्या दाराला गजरा, जिन्याच्या कठड्याला दोन. एक बाई दार उघडून हळूच म्हणाली, "मावशी, आज कुठला सण आहे का? रोज सकाळी असंच असतं."

कुसाबाई घरात जमिनीवर पाय पसरून बसली होती. पुढ्यात चेहेडीची गुलछडी, कुंडीतली अबोली, हातात दोरा.

"बाई, एवढे गजरे कोणासाठी?" मी विचारलं.

"हाताला काय सांगू? पहाट झाली की उठतेत ते." तिने गाठ मारली. "पंचवटीची शिट्टी इथवर येती बघ. त्या गाडीनं जाणाऱ्या देशपांडेबाईची पोरगी बाळंत झाली का नाय, तेवढंबी कळंना."

"मग कोणाला तरी विचारायचं."

"कोणाला? ढगांना?" मग ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझ्या मालकापुढं घंगाळ ठेवलं, म्हैस ठेवली, वावर ठेवलं. तरी त्याचा हात काय तिकडं गेला नाय. आता वाट्यात मला ठेवायला पाहिजे व्हतं का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दादांना गाळा हवा होता, कुसाबाईच्या पाटीसाठी. मागता येत नव्हता, म्हणून ते दुसरा वाटा जड करत गेले. आणि तो जड झाला म्हणूनच माझ्या मालकांनी घेतला नाही. मला हसू आलं. कुसाबाई आधी रागाने बघत राहिली, मग तिलाही आलं. दोघी इतक्या हसलो की अबोली सांडली.

खाली येऊन मालकांना सांगितलं. ते पलंगावर बसूनच राहिले.

"दादा बोलला का नाय मला?"

"तुम्ही विचारलं का त्यांना?"

"विचारतेत व्हय असं? आता परत तरी कसं करू? उचललेला वाटा परत देणं म्हणजे थोरल्याच्या तोंडावर फेकणं."

"परत नका करू," मी म्हटलं. "गाळ्यात कोणी कधी बसायचं, ती वाटणी अजून झाली नाय. ती आम्ही जावा करू."

दुसऱ्या दिवशी कुसाबाईला हाताला धरून गाळ्यात आणलं. उंबऱ्यावर दोघी बसलो. मी तिच्या हातात दोन सुपाऱ्या दिल्या. "तुम्ही थोरल्या. गाळ्याच्या दिवसाचे वाटे पाडा."

तिने एक सुपारी इकडे ठेवली, एक तिकडे. "ही सकाळ. ही दुपारपासून रात्रीपर्यंत. उचल."

"आधी सांगा बाई, तुम्हाला कोणती हवी?"

"असं विचारत नसतेत."

"मी विचारतेय."

ती रस्त्याकडे बघत बसली. बसमधून माणसं उतरून स्टेशनकडे पळत होती. एका मुलीने वेणीला हात लावून आमच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. कुसाबाईने बोटाने एक सुपारी माझ्याकडे सरकवली.

"ही तुझी. संध्याकाळची. सकाळची झोप तुला कधी सुटली नाय."

मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी मालक सातव्या मजल्यावर गेले, दादांसमोर बसले आणि एवढंच बोलले, "दादा, सकाळी गाळ्याचं शटर कोण उघडणार?"

"मी उघडीन," दादा म्हणाले. "तुला जमत नाय, तू वाकडं ओढतो."

तेव्हापासून पहाटे दादा शटर उघडायचे आणि कुसाबाई खुर्चीत बसून गजरे विकायची. बाया धावतपळत यायच्या, उधारीवर न्यायच्या, बातम्या देऊन जायच्या. देशपांडेबाईंच्या मुलीला मुलगा झाला होता. दुपारनंतर मी मेथी, कोथिंबीर घेऊन बसायचे. कामावरून परतणारे लोक घरी जाता जाता जुडी उचलायचे. सातव्या मजल्यावरची ती बाई एकदा कुसाबाईला म्हणाली, आमच्या दाराला आता गजरा नसतो, चुकल्यासारखं होतं. कुसाबाईने तिला गिऱ्हाईक करून घेतलं.

कुसाबाई १२ डिसेंबर २०२४ रोजी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळची विक्री संपवून घरी गेल्यावर वारली.