फरक बावीस एमएमचा

"हात लावू नकोस! एकदा वाकवलीस तेवढं पुरे झालं!"

"मग सरळ कोण करणार? तुम्ही?"

"बघ, कशी तोंड वर करून बोलते! अरे, मी म्हणतो तो तुकडा कापून टाका, नवा घाला. विषय संपला."

बाबा स्टुलावर बसले होते आणि ठिणगी हातात साखळी घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. हे नाव मामाने ठेवलेलं. दहावी अर्धवट टाकून ती त्याच्या गॅरेजमध्ये आली आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाशी भांडली, तेव्हापासूनचं.

"भाऊजी, कापायचं काय ते मी ठरवतो," मामा म्हणाला. "आणि ठिणगे, तोंडापेक्षा हात चालव."

गाडीची बॉडी कोपऱ्यात उतरवून ठेवली होती. मधोमध लोखंडी घोड्यांवर गाडीचा सांगाडा म्हणजे नुसती चासी होती, कपडे काढून तपासायला झोपवलेल्या म्हाताऱ्यासारखी. बाबांची जुनी, लाडकी गाडी. चार वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, ठिणगीने ती गुपचूप बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबावर घातली. "चासी गेली," एवढं बोलून बाबांनी शेडला कुलूप लावलं. त्यानंतर घरात ग्लास फुटला तरी कुणी तरी म्हणायचं, हिने तर गाडी वाकवली, ग्लासाचं काय घेऊन बसलात. आता गाडी पुन्हा उभी करायचं ठरलं, तेव्हा तिने मामाला एकच सांगितलं होतं: जॅक मी मारणार.

मामाने चासीच्या चार भोकांतून दोरीला बांधलेले चार ओळंबे सोडले आणि ते जिथे टेकले तिथे जमिनीवर खडूने फुल्या मारल्या. चौकोन सरळ असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरकी मापं सारखी यायला हवीत. इथे फरक बावीस एमएमचा.

"तापवून घे की," बाबा म्हणाले.

"तापवलं की जोर मरतो त्याचा. थंडच यायला पाहिजे." मामाने सरळ चौकोनाची फुली वेगळ्या रंगाने काढली. "आणि ठिणगे, फुलीवर थांबायचं नाही. पुढे न्यायचं. सोडलंस की ते आपणहून मागे येऊन बसतं."

"किती पुढे?"

"ते लोखंड सांगेल."

पुढची बाजू जमिनीतल्या कड्यांना जखडली होती. ठिणगीने जॅकचा दांडा खाली दाबला. एकदा, दहादा, वीसदा. काहीच नाही. साखळ्या तेवढ्या ताठ झाल्या. तिच्या दंडाला कळ लागली, शिवी ओठांवर आली आणि तेवढ्यात चासीच्या पोटातून आवाज आला. टण् नाही, कट् नाही. झोपेत कूस बदलताना माणूस करतो तसा.

"थांब," मामा कुजबुजला.

तिने दांडा सोडला होता. तरी ओळंबा सरकत होता. केसाएवढा, मग आणखी केसाएवढा. हाताएवढं जाड लोखंड, कुणी हात न लावता, आपलं आपण चालत होतं. तिघांपैकी कुणी श्वास घेत नव्हतं. देवासमोर कधी हात न जोडणाऱ्या ठिणगीचे हात आपोआप एकमेकांत गुंतले.

तासभर असंच चाललं. दाबायचं, थांबायचं, बघायचं. ओळंबा फुलीच्या पुढे गेला, मामाने बोट वर केलं, तिने जोर उतरवला. लोखंड सावकाश मागे आलं.

त्याच वेळी वाकाच्या जागेवरून काळ्या रंगाचा खपला गळून पडला. खाली पुट्टी, हाताने चोपडलेली. पुट्टीच्या भेगेत तांबडा गंज आणि वेल्डिंगचा एक ओबडधोबड टाका.

ठिणगी वाकून बघत राहिली. खांबाची धडक पुढे उजवीकडे बसली होती. हे मागे, डावीकडे होतं. आणि चासीला काळा रंग बाबांनी मारला तेव्हा डबा तिनेच धरला होता. सात वर्षांची होती ती. फ्रॉकवर पडलेला डाग निघाला नाही म्हणून आई ओरडली होती. पुट्टी त्या रंगाच्याही खाली होती.

बाबा गाडी सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग जरासं वळवूनच धरायचे. तिला वाटायचं, ती त्यांची ऐट.

तिने मान वर केली. चार वर्षांचं सगळं तोंडात गोळा झालं होतं. मामाने टेपचं एक टोक तिच्यापुढे धरलं.

ती बाबांकडे बघत होती. बाबा जमिनीवर पडलेल्या खपल्याकडे.

तिने टेप धरला. एक तिरकं माप घेतलं, मग दुसरं. मग दोन्ही पुन्हा घेतली, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सारखं."

"सारखं म्हणजे?"

"एक एमएमचाही फरक नाही, बाबा."

बाबा उठले. चासीवरून त्यांनी हात फिरवला, त्या टाक्यापाशी तो थांबला.

"गाडी तेव्हा नुकतीच घरी आली होती," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

ठिणगी टेप गुंडाळत राहिली.

बाबांनी हाताला लागलेला गंज पाहिला, तो पुसला नाही. दारापर्यंत गेले, वळले. तिच्याकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"मला आता निघायला हवं," ते म्हणाले.