तळघरातली बारा पिंपं

एकतीस वर्षं मी कबुलीजबाब टाईप करतेय आणि आजवर माझ्या कागदावर एक खाडाखोड नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. बरं, सांगतेय, पण पुढे जे झालं ते याच फुशारकीपायी, म्हणून आधीच ओकून टाकते. दुसरं म्हणजे मला एकच मुलगा. पावाची गाडी चालवतो आणि राखीव सैन्यात त्याचं नाव आहे. लढाई लागली की पहिलं बोलावणं त्याला. हे त्या दिवशी माझ्या डोक्यात असायला हवं होतं. नव्हतं.

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. आतली खोली तपासणीची, बाहेर दाराशी माझं टेबल. आत जे चालतं त्याला आमच्याकडे 'समजूत घालणं' म्हणतात. चहाला थांबतं, चहा झाला की पुन्हा सुरू. दोन्ही हात टाईपरायटरवर असले की कान झाकता येत नाहीत, एवढंच सांगते.

त्या आठवड्यात शेजारच्या देशातला एक माणूस आणला होता. शिलाई मशीन दुरुस्त करणारा. सुट्या भागांच्या खरेदीला सरहद्द ओलांडून आला आणि खिशात यादी सापडली. यादीत नुसते आकडे, त्यामुळे साहेबांना ती सांकेतिक भाषा वाटली. मी म्हटलं, साहेब, हे सुयांचे नंबर आहेत, माझ्या घरी मशीन आहे. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही रिबन बदला.

चार दिवस त्याला भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं. बसला की पाणी, झोपला की काठी. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, काय कबूल करायचं तेवढं सांगा, मी करतो."

"आम्ही सांगितलं तर तो कबुलीजबाब कसला?" साहेब म्हणाले. "विषाचा साठा कुठे आहे, ते तू सांग."

मग मला आत बोलावलं आणि तो सांगू लागला. एक तळघर आहे. चौदा पायऱ्या. लोखंडी दार. आत पिंपं, तोंडाला फडकं बांधलेली. बारा असतील बहुतेक, एखादं रिकामंही असेल. उघडलं की डोळ्यांतून पाणी येतं. पहाऱ्याला तीन बायका आळीपाळीने. त्यांच्यावर एक वयस्कर बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कुणावर म्हणून विश्वास नाही. साहेबांनी गाव विचारलं, ओढा विचारला, पूल विचारला. सगळं पटापट सांगितलं बिचाऱ्याने.

आता आमची एक रीत आहे. कबुलीजबाबात 'बहुतेक' नसतं, 'असेल' नसतं. असले शब्द आले की कागद वरून परत येतो आणि पुन्हा समजूत घालावी लागते. म्हणून मी ते हातासरशी काढते. त्याच्यावर उपकारच, असं मला वाटायचं. मी टाईप केलं: 'एकूण बारा पिंपे, सर्व भरलेली.' आणि पाणी येतं हे फारच घरगुती वाटलं, म्हणून केलं: 'उघडताच डोळ्यांना असह्य धारा लागतात.' वाक्य छान उतरलं, खोटं कशाला बोलू.

साहेब फोन करायला बाहेर गेले तसा तो हळूच म्हणाला, "बाई, ते माझ्या सासूचं तळघर आहे. दुसरं तळघर मी जन्मात पाहिलेलं नाही. पिंपात व्हिनेगरमधल्या भाज्या. त्या तिघी माझ्या मेव्हण्या."

"आणि किल्ल्यांवाली?"

"तीच हो. जावयाला चिखलाच्या पायांनी उंबरा ओलांडू देत नाही."

मला हसू आवरेना. सुजलेल्या पायांवर उभा होता तो, आणि तोही हसला. मी कागद तसाच राहू दिला. म्हटलं, वरचे काय दुधखुळे आहेत? एखाद्याला तरी सासू असेलच, ओळखेल.

आमच्याकडे कबुलीजबाबाच्या तीन प्रती निघतात. एकाच वेळी, मधे कार्बन घालून. एक सैन्याच्या खात्याला, एक परराष्ट्र खात्याला, एक गृहखात्याला. माहिती कुठून आली हे गुप्त ठेवायचं, म्हणून प्रत्येक खातं ती आपल्या नावाने उतरवून काढतं आणि मूळ कागद कुलपात टाकतं. महिन्याभराने तिन्ही खात्यांचे अहवाल माझ्याकडेच आले, एकत्र टाईप करायला. वर मथळा: 'तीन स्वतंत्र ठिकाणांहून खात्री.' खाली कुणीतरी बेरीज केली होती. छत्तीस पिंपं, नऊ पहारेकरी. सासू मात्र एकच ठेवली होती, तेवढी अक्कल शाबूत होती.

मी उठून साहेबांकडे गेले. "साहेब, हे तिन्ही एकच आहेत. माझ्याच कार्बनच्या प्रती."

"बाई, तुमचं काम अक्षरांचं. अर्थाचं काम वर होतं."

"अहो, ते त्याच्या सासूचं तळघर आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं तो म्हणाला? म्हणजे जबाब फिरवतोय. मग पुन्हा समजूत घालावी लागेल."

मी म्हटलं, नाही साहेब, माझाच काहीतरी गैरसमज. आणि परत येऊन तो अहवाल टाईप केला. भित्री मी, आणि वर खाडाखोड न करणारी. चार दिवसांनी तेच आकडे रेडिओवरून ऐकले, आणि पाठोपाठ लढाईची घोषणा.

मुलाला बोलावणं मंगळवारी आलं. बॅग भरून स्वयंपाकघरात बसला होता, हातात सैन्याने वाटलेली पुस्तिका. "आई, पहिलं ठिकाण आमच्याच तुकडीला मिळालंय," म्हणाला, आणि मोठ्याने वाचायला लागला. "उघडताच डोळ्यांना असह्य धारा लागतात."

मी गॅस बंद केला. "ते वाक्य माझं आहे."

त्याला सगळं सांगितलं. मशीनवाला, चार दिवस, मेव्हण्या, व्हिनेगर, कार्बन. एक शब्द राखून ठेवला नाही. तो आधी हसला, मग माझ्याकडे पाहत राहिला. लहानपणी ताप आला की मी त्याच्याकडे पाहायची, तसा.

"आई, तुला भीती वाटतेय, कळतंय मला. पण तीन ठिकाणांहून खात्री झालीय. सांगणारी तू एकटीच आहेस."

एकतीस वर्षं 'बहुतेक' गाळत आले. त्याच्या मनात एक तरी 'बहुतेक' राहावं म्हणून तडफडत होते, आणि ते काही केल्या शिरेना.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्याने पुस्तिका खिशात घातली, बंदूक खांद्याला अडकवली. मी जिन्यापर्यंत गेले. म्हटलं, "तिथे कमरेला किल्ल्या लावलेली म्हातारी दार उघडेल. तिला आधी सांग, जावई जिवंत आहे, सात नंबरच्या कोठडीत. आणि आत जाताना पाय पुसून जा."

"बरं," तो म्हणाला, आईची समजूत घालावी तसं, आणि जिना उतरून गेला.