नावाला मत

“आये, दोनच शब्द बोलायचेत. नानांचं चिन्ह त्येच आपलं चिन्ह. एवढं म्हनायचं आन् खाली बसायचं,” मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत अमृत म्हणाला.

बाळाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. पायांच्या खोबणीत तिची नात शुभ्रा झोपलेली. नुकतीच न्हाऊन आली होती, टाळूला तेल, अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. झोपेतच ओठ चोखत होती, मधेच थांबत होती, मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा चोखायला लागत होती.

“हळू बोल,” बाळाबाई म्हणाली. “आत्ता डोळा लागलाय तिचा.”

अमृतने आवाज उतरवला. “पक्षाच्या भोरच्या ताई येनार हायत हळदीकुंकवाला. वाडीची मतं एकगठ्ठा देतो म्हनून शब्द दिलाय म्या. बायका तुज्याबिगार हलायच्या न्हाईत, तुला ठावं हाय.”

“आन् तो लायटीचा?”

“त्याचं काय? अपक्ष त्यो. मागितला बल्ब आन् चिन्ह गावलं आइस्क्रीम!” अमृतला हसू आवरेना. बाळाबाईही हसली. तिचे पाय हलले तशी शुभ्राने झोपेत कपाळाला आठी घातली, आणि दोघेही एकदम गप्प झाले.

लायटीचा म्हणजे वाडीचा झिरो वायरमन. कुठल्याच हजेरीपटावर नाव नाही म्हणून झिरो. पण मार्गासनीपासून वरच्या वाड्यांपर्यंत तार तुटली की खांबावर तोच. यंदा पंचायत समितीला उभा राहिला होता. चाळिशीतला माणूस, पण बाळाबाईच्या तोंडी आजवर तो ‘लायटीचा’ नाहीतर ‘अरं पोरा’. तिचाही इलाज नव्हता. त्याचे नाव आणि तिच्या नवऱ्याचे, म्हणजे नानांचे, नाव एकच होते. ते नाव तिने लग्नात एकदा उखाण्यात घेतले, बारशा-डोहाळजेवणात चार वेळा घेतले. उखाण्याबाहेर ते कधी आले नाही. नाना गेले, त्यानंतर उखाणाही कुणी विचारला नाही.

अमृत गेला. ऊन ओट्यावर सरकत तिच्या गुडघ्यांपर्यंत आले. समोरच्या खाचरात भाताची खुंटे वाळून सोनेरी झाली होती, आणि त्यापलीकडे राजगड दुपारच्या धुरकट उजेडात तरंगत असल्यासारखा.

लग्नानंतरच्या पहिल्या मतदानाला नानांनी तिच्या तळहातावर कोळशाने चिन्ह काढले होते. “नावं वाचत बसू नगं,” ते म्हणाले होते. “मानसं येत्यात, जात्यात. ह्ये ऱ्हातं.” वाचता न येणाऱ्या बाईला त्या चिन्हाने कधी कुठे अडू दिले नाही. नाना जन्मभर पक्षाचे. सभेला सतरंज्या घालणारे, निवडून कुणीही आले तरी आपलाच आला म्हणणारे.

शेवटच्या वर्षी ते खाटेवर पडले. उशाशी प्राणवायूचे मशीन घरघरत असायचे. पावसात लाईट गेली की घरघर थांबायची आणि सगळ्या घराचाच श्वास अडकायचा. मग पायवाटेवरून बॅटरीचा उजेड वर चढताना दिसायचा. काम झाले की ओला चिंब लायटीचा खाटेशी येऊन उकिडवा बसायचा. नाना त्याही अवस्थेत त्याला सांगत, “पक्षात ये लेका. एकट्याचं काय व्हत न्हाई.”

“येतो की, नाना. पर म्या सभेला गेल्यावर खांबावर कोन चढंल? तुमी?”

नाना खोकला येईस्तोवर हसायचे.

शुभ्राच्या श्वासाबरोबर बाळाबाईचेही डोळे मिटत गेले.

देवळात मतदान होते. टेबलापाशी नाना बसले होते, धुतलेल्या धोतरात, पुढ्यात शाईची बाटली. नाकाला नळी नव्हती. मागे भिंतच नव्हती, नुसते धुके आणि भाताचा वास.

“नाव?” नानांनी विचारले.

“माजं?”

“तुजं कशाला? तुला न्हाई का वळखत? मत द्यायचंय त्याचं.”

तिने पदर तोंडाशी धरला. “असं काय इचारताय? म्या घेत न्हाई, ठावं हाय की तुमाला.”

“मग चिन्ह दाब आन् जा घरला,” नाना म्हणाले आणि हसले. खोकला आला नाही. हसतच राहिले, पाणी वाहावे तसे.

ती जागी झाली तेव्हा शुभ्राने तिचे बोट मुठीत घट्ट धरले होते. सून सुलू दारात उभी होती, नऊवारी नेसून, हातात कुंकवाचा करंडा.

“आत्या, चला. बायका जमल्या.”

देवळाच्या सभामंडपात तीळगुळाच्या ताटाभोवती गलका होता. वाण म्हणून स्टीलचे डबे आले होते. बाळाबाई रीतीप्रमाणे कडेला, खांबाला टेकून बसली. हळदीकुंकवाचे बोट तिच्यापर्यंत येणार नव्हते, आणि त्याचे तिला आता काही वाटत नव्हते. बायका एकेकीला उठवून नाव घ्यायला लावत होत्या. सुलूची पाळी आली.

“गुंजवणीच्या पाण्यावर इंद्रायणी भाताचा घमघमाट, अमृतरावांची बघते मी प्रचारातून घरी यायची वाट!”

“वाट बघून बघून पोरगी रांगाय लागंल गं!” सगुणाबाई ओरडली. ती बाळाबाईची शेजारीण, तिच्याच बरोबरीने या वाडीत नांदायला आलेली. मंडप हसला.

मग भोरच्या ताई उठल्या. गोड बोलत होत्या. “माणूस चांगला आहे, म्हणून आपण मत देतो. पण चांगला माणूस एकटा काय करेल? रस्ता, पूल, दवाखाना, निधी येतो तो पक्षामुळे. एकट्याचं तिथं कोण ऐकतं?” बाळाबाईने मान हलवली. खोटे नव्हते ते. नानाही हेच सांगत असत.

“आता नानांच्या घरातला आवाज ऐकू या,” ताई म्हणाल्या. “या, आजी.”

बाळाबाईने मांडीवरच्या शुभ्राला सुलूच्या कडेवर दिले आणि खांबाला धरून उभी राहिली.

“ह्यांनी मला चिन्ह शिकवलं,” ती म्हणाली. “आजपातूर त्येच दाबलं. ताई म्हनत्यात त्ये बी खरं हाय.” ती थांबली. सुलूने हसून मान डोलावली. अमृत मंडपाबाहेर उभा होता, तोही हसला.

“पर पावसात ह्यांचं मशीन बंद पडायचं, तवा चिन्ह काय खांबावर चढत न्हवतं. मानूस चढत व्हता. ह्या खेपेला म्या मानसाला देनार. तुमी तुमचं बघा.”

ताईंचे हसू तिथेच राहिले. सुलूने बाहेर पाहिले. अमृतची पाठ वळलेली होती.

“अगं पर कुन्या मानसाला?” सगुणाबाई पदराआडून म्हणाली. “नाव घे की!”

“आइस्क्रीमला म्हना, आजी!” मागून कुणीतरी पोरगी. पुन्हा हशा.

आइस्क्रीमला म्हटले असते तरी चालले असते. लायटीचा म्हटले असते तरी सगळ्यांना कळले असते. पण जन्मभर कुठल्या पटावर नाव नसलेल्या माणसाचे नाव पहिल्यांदा त्या यंत्रावर लागणार होते, आणि तिनेच ते चोरून, टोपणनावाने सांगायचे, हे तिला कसेसेच वाटले. तिने डोईवरचा पदर पुढे ओढला.

“धनाजी,” ती म्हणाली.

मंडपात डब्यावर डबा ठेवल्याचा आवाज एकदम मोठा वाटला. सुलूचा करंड्यातला हात करंड्यातच राहिला.

“कोण धनाजी?” ताईंनी हळूच शेजारणीला विचारले.

“तिचा मालक,” सगुणाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मग म्हणाली, “आन् वायरमन बी.”

परतताना बाळाबाई एकटीच बांधाने आली. बायका मागे कुजबुजत होत्या, कुणी तिला गाठले नाही. तोंडात विचित्र मोकळेपणा होता, दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते तसा. नानांचे कपडे वाटून टाकले, काठी कुणी नेली, खाट माळ्यावर गेली. हे एक नाव तेवढे आत राहिले होते, कुणाचा हात न लागलेले. तेही आज बाहेर पडले, आणि कशासाठी, तर पंचायत समितीसाठी. तिला हसू आले आणि डोळेही भरले.

दिवे लागायच्या वेळी अमृत आला. मोटारसायकल लावून ओट्यावर बसला, आईपासून हातभर लांब. आत सुलू शुभ्राला पाजत होती, तिचे गुणगुणणे ऐकू येत होते.

“ताईंचा फोन आलता,” तो म्हणाला.

“आसंल.”

“माजा शब्द गेला, आये.”

“गेला,” बाळाबाई म्हणाली. “सांग त्यान्ला, म्हातारी चळली म्हनावं.”

अमृत हसला नाही. चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. मग त्याने खाली बघतच विचारले, “उखान्याबिगार घेतलंस?”

“उखान्याबिगार.”

“तवा म्या पाठ फिरवलीवती. रागाच्या भरात कान बी फिरले. नीट ऐकूच आलं न्हाई.” त्याने उकरलेली माती पायाने सारखी केली. “नानांचं नाव तुज्या तोंडून म्या कदी ऐकलंच न्हाई. येकदा म्हन की.”

बाळाबाईने त्याच्याकडे पाहिले. कानशिलावर चार केस पांढरे झाले होते त्याच्या. मग तिने तोंड अंगणाकडे केले. अंगणापलीकडे नुसता संधिप्रकाश होता, निळसर, ओलसर.

“धनाजी,” तिने हाक मारली. हाकच होती ती, या वेळी.

“व्हय काकी! आलो!”

खालच्या वाटेवरून चपलांचा फटफट आवाज वर आला. खांद्यावर तारेचे वेटोळे, कमरेला पक्कड, धापा टाकत वायरमन अंगणात येऊन उभा राहिला. अमृतला बघून जरा बिचकला.

“काय झालं? लाईट गेली का?”

घरात दिवा लख्ख जळत होता. तिघेही क्षणभर त्या दिव्याकडे बघत राहिले.

“न्हाई रं,” बाळाबाई म्हणाली. “हाय लाईट.”

वायरमनला काय करावे कळेना. तो वेटोळे या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तिथेच उभा राहिला. अमृतने वर पाहिले नाही. फक्त हाताने ओटा झाडला आणि थोडा बाजूला सरकला.