मेब्रीचा डावा गुडघा

कॉर्टलंड मेब्रीला आमच्या संघाने घेतल्याची बातमी एर्नीने मला न्हाणीघराच्या दाराबाहेरून सांगितली. मी आत केस धूत होते.

"इर्मा, मेब्री येतोय."

"कोण, नळवाला?"

त्याने दाराला डोकं टेकवलं असावं, कारण ठक असा आवाज आला. "कॉर्टलंड मेब्री. रिसीव्हर. आपल्याकडे येतोय."

एर्नी माझा नवरा. चौतीस वर्षं त्याने काचेच्या कारखान्यात भट्टीवर काढली. टोलेडोत जन्मलेल्या माणसाला अमेरिकन फुटबॉलचा संघ निवडायची मुभा नसते. ग्लासमेन हा संघ आईबापांबरोबरच मिळतो. एकोणीस वर्षं ग्लासमेन बाद फेरीत पोचले नव्हते आणि एकोणीस वर्षं आम्ही दर रविवारी वरच्या मजल्यावरच्या, सरोवरावरचा वारा थेट तोंडावर घेणाऱ्या खुर्च्यांत बसून हे बघत होतो.

त्या वर्षी नोव्हेंबर लागला तेव्हा आठ सामन्यांत तीन विजय झाले होते. लांब फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलायचा, हे ज्यांचं काम, ती आमची दोन्ही पोरं जायबंदी होऊन घरी बसलेली. त्यांच्या जागी हा मेब्री. एके काळी देशात त्याच्या तोडीचा रिसीव्हर नव्हता. पण आता वय सदतीस. उन्हाळ्यापासून एकाही संघाने त्याला विचारलं नव्हतं आणि तो अलाबामात आपल्या घरी बसून होता.

"सदतीस?" बर्डेट म्हणाला. बर्डेट हॉलिस एर्नीचा भट्टीवरचा जोडीदार, स्टेडियममधल्या आमच्या शेजारच्या खुर्चीचा मालक, आणि बायको गेल्यापासून बुधवारी रात्री आमच्याकडे जेवायला येणारा. "माझ्याकडे सतरा वर्षांची गाडी होती एर्नी. उतार असला की झकास पळायची."

"तू बघच," एर्नी म्हणाला.

"बघतोच आहे. मी एकोणीस वर्षं बघतोय. दुसरं काय करतोय?"

मी तेव्हा महापालिकेच्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर कामाला होते. दार उघडायचं, पाणी तपासायचं, टॉवेल द्यायचे, आजीबाईंच्या पाण्यातल्या व्यायामवर्गाची हजेरी घ्यायची. त्याच आठवड्यात आमच्या व्यवस्थापकाने मला बाजूला घेतलं. "उद्यापासून सातऐवजी पहाटे साडेपाचला उघडशील? एक जण येईल. कुणाला सांगायचं मात्र नाही."

"नवऱ्यालाही?"

"एर्नीला सांगणं म्हणजे वर्तमानपत्रात देणं."

ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोकरीची टोपी कपाळापर्यंत ओढलेला एक उंच काळा माणूस आला. मी त्याला हातांवरून ओळखलं. टीव्हीवर मी ते हात वर्षानुवर्षं पाहिले होते, चेंडूपेक्षा मोठे वाटणारे. तो शिडीकडे गेला नाही. आजीबाईंसाठी केलेला उतार आहे, दोन्ही बाजूंना कठडे असलेला, त्यावरून तो पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी कठडा धरून. उजवा पाय पुढे, मग डावा त्याच्या शेजारी, पुन्हा उजवा पुढे. आमच्या वर्गात मिसेस ओर्बान नावाच्या बाई आहेत, एक्क्याऐंशी वर्षांच्या. त्या अशाच उतरतात.

पाऊण तास तो पाण्यात नुसता चालला. या काठापासून त्या काठापर्यंत आणि परत. जाताना म्हणाला, "थँक यू, मॅम. तुमचं नाव?"

"इर्मा."

"मिस इर्मा, संघाकडेही तलावाची सोय आहे. पण तिथे कोण किती वेळ पाण्यात होतं, ते लिहून ठेवतात."

"इथे कुणी लिहीत नाही," मी म्हटलं.

त्यापुढे आमच्यात फार बोलणं झालं नाही. तो रविवार आणि प्रवासाचे दिवस सोडून रोज यायचा. मी टॉवेल गरम नळीवर टाकून ठेवायला लागले. तो म्हणायचा, "हे काही गरजेचं नव्हतं, मॅम," आणि घ्यायचा.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं जागेवर जाऊन बसलो तेव्हा मी हातातलं तिकीट चुरगाळत होते. एर्नीला वाटलं मला उत्साह आला आहे. मैदानात मेब्री धावत आला आणि साठ हजार माणसं उभी राहिली. मीही राहिले. माझी नजर मात्र त्याच्या डाव्या गुडघ्यावरून हटत नव्हती.

त्याने तीन झेल घेतले. तिसरा शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन टचडाउन केला. तो पळून कुणाला हरवत नव्हता. जोरात निघाल्यासारखं दाखवायचा, समोरचा पोरगा वेगात पुढे निघून जायचा, आणि हा मागे वळून तिथेच उभा असायचा, चेंडूची वाट बघत. बसस्टॉपवर उभं राहावं तसा. बर्डेट म्हणाला, "म्हातारा हुशार आहे."

"आता बोल," एर्नी म्हणाला.

"बोललो ना. हुशार आहे म्हटलं. पळतोय असं कुठे म्हटलं?"

पण पुढच्या बुधवारी बर्डेट आमच्याकडे आला तो मेब्रीची चौऱ्याऐंशी नंबरची जर्सी घालूनच. एर्नीने ती बघितली आणि त्याच्या ताटात कोबीत भरलेल्या खिम्याचा तिसरा रोल वाढला.

त्या पहिल्या रविवारापासूनच्या आठांपैकी सहा सामने जिंकले. शहरात भलतंच वारं शिरलं. आमच्या चर्चबाहेर कोलबास सॉसेजच्या स्टॉलवर रांगेत उभे असलेले लोक अनोळखी माणसांना सांगत होते की, सदतीस म्हणजे काहीच वय नाही. बर्डेट आपल्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घेऊ म्हणायला लागला, तीन वर्षं टाळत होता ती. एर्नी रात्री झोपेत आकडे पुटपुटायचा: कोण हरलं पाहिजे, कोण जिंकलं पाहिजे, म्हणजे आपण बाद फेरीत. त्याला इतकं आनंदात मी आमचा मुलगा झाला तेव्हापासून पाहिलं नव्हतं.

आणि रोज पहाटे मी मेब्रीला पाण्यात उतरताना बघत होते. नोव्हेंबरात त्याला उतारावरून यायला अर्धं मिनिट लागायचं. नाताळापर्यंत तीन मिनिटं लागायला लागली. गुडघा पावासारखा फुगलेला असायचा. एकदा तो मधेच थांबला, डोळे मिटून उभा राहिला, आणि मी टेबलामागे उभी राहिले. मी काय करणार होते? डॉक्टर नाही, त्याची आई नाही. घरी येऊन एर्नीसमोर बसायचे. तो विचारायचा, "काय गं, गप्प का?" मी म्हणायचे, पाण्यातल्या औषधाने डोकं दुखतंय.

एकदा मी मेब्रीला विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"दोन मुली. बायको. ती म्हणते, कॉर्ट, तुला अजून काय सिद्ध करायचंय?"

"मग?"

"सिद्ध काही नाही करायचं." टॉवेल डोक्यावर घेऊन तो बाकावर बसला होता. "ऑगस्टपासून फोन वाजला नव्हता, मिस इर्मा. मग वाजला. तुम्ही असता तर उचलला नसतात?"

शेवटचा सामना जानेवारीच्या पहिल्या रविवारी, आमच्याच मैदानावर. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर सुट्टी. त्याआधीच्या शुक्रवारी मेब्री पाण्यात उतरला खरा, पण त्याला बाहेर येता येईना. उताराच्या तळाशी तो कठडा धरून उभा. पाऊल उचलायचा, आणि परत ठेवायचा. चार-पाच वेळा असं झालं. शेवटी मी अपंगांसाठीची पाळण्यासारखी खुर्ची पाण्यात सोडली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो बसला आणि मी बटण दाबलं. ती खुर्ची फार सावकाश वर येते. तेवढा वेळ आम्ही दोघंही दुसरीकडे बघत होतो.

वर आल्यावरही तो खुर्चीतच बसून राहिला. अंगातून पाणी निथळत होतं.

"तुमच्याकडे हंगामाची तिकिटं आहेत ना?"

मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कळलं असेल कसं तरी. "हो. वरच्या मजल्यावर."

"मग मला खरं सांगा. रविवारी मी नाही खेळलो तर? आज जाऊन सांगितलं की, बस झालं, तर?"

हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. त्या वेळी मला सगळं माहीत होतं. तीन शब्द पुरले असते. जा, घरी जा. त्याने दुसऱ्या कुणालाही विचारलं नव्हतं, किंवा विचारलं असेल तर त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण मला विचारलं होतं.

मी म्हणाले, "माझा नवरा एकोणीस वर्षं वाट बघतोय."

त्याने मान हलवली. रागावला नाही, हसलाही नाही. "येस, मॅम," म्हणाला. मी त्याला टॉवेल दिला.

रविवारी बर्फ भुरभुरत होतं. सामना संपायला बावीस सेकंद उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटची रेघ तीस यार्डांवर आणि आमच्याकडे एकच संधी. टचडाउन केला तरच जिंकू. एर्नीने माझा एक हात धरला होता, बर्डेटने दुसरा. बर्डेट पुटपुटत होता, "म्हाताऱ्याकडे टाक, म्हाताऱ्याकडे टाक." चेंडू फेकणाऱ्या आमच्या क्वार्टरबॅकने तो खरंच मेब्रीकडे टाकला.

मेब्री मोकळा होता. हे मी सांगते कारण नंतर लोक वाटेल ते म्हणाले. त्याने नेहमीसारखं केलं, जोरात निघाल्याचं दाखवलं आणि थबकला. समोरचा पोरगा घसरून पडला. मेब्री आणि रेघ यांच्यामध्ये कुणीही नव्हतं. चेंडू त्याच्या पुढे, बरोबर हवा तिथे येत होता. त्याला फक्त दोन पावलं झपकन टाकायची होती. उजवा पाय पुढे गेला. डावा आला नाही.

कुणी त्याला हात लावला नाही. तो पडलासुद्धा नाही. चेंडू त्याच्या बोटांपुढे हातभर अंतरावर बर्फात आपटला, आणि तो तिथेच, दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

मग आमच्या खालच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली आणि ती वर चढत आली. एर्नी उठून उभा राहिला. चौतीस वर्षं भट्टीच्या आवाजावर ओरडून त्याचा घसा तयार झालेला आहे. "अरे पळ ना रे म्हातारड्या," तो ओरडला. "पळायला काय झालं होतं तुला? दोन पावलं. दोन पावलं टाकवली नाहीत?"

मी त्याची बाही धरली. त्याला वाटलं मला थंडी वाजतेय. त्याने आपला मफलर काढून माझ्या गळ्यात गुंडाळला आणि पुन्हा ओरडायला लागला.

बर्डेट बसून होता. "नको रे एर्नी," तो एवढंच म्हणाला.

सोमवारी मी साडेपाचला तलाव उघडला. मंगळवारीही उघडला. मंगळवारी दुपारी संघाने मेब्रीला सोडल्याची बातमी आली, ओळ-दोन ओळींची. बुधवारी मी सातला गेले, पूर्वीसारखी.

एर्नी आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही. नंतर त्याने दाढी केली आणि पुढच्या हंगामाबद्दल बोलायला लागला. बर्डेटने शस्त्रक्रियेचा विचार सोडून दिला. जर्सी मात्र तो घालत राहिला. लोक त्याला चिडवायचे, तो म्हणायचा, गरम असते.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी टीव्हीवर कुणीतरी तोच हुकलेला झेल पुन्हा दाखवला, आणि एर्नी म्हणाला, "बघ, आळस केलाय सरळ. पोटभर कमावलं, आता कशाला पळतोय." तेव्हा मी टीव्ही बंद केला आणि त्याला सगळं सांगितलं. कठडा, फुगलेला गुडघा, पाण्यातून वर येणारी खुर्ची, तिच्यात बसून मेब्रीने मला विचारलेला प्रश्न. दोन महिने तुझ्याशी खोटं बोलले, तेही सांगितलं.

माझं सांगून संपल्यावर तो म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं."

"माहीत आहे."

"म्हटलं असतं, तुला काय कळतंय."

"तेही माहीत आहे."

मग एर्नीने विचारलं, "मेब्रीने विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द. माझा नवरा एकोणीस वर्षं वाट बघतोय.

मला वाटलं तो म्हणेल, मी काही तुला तसं सांगायला सांगितलं नव्हतं. किंवा म्हणेल, जाऊ दे. तो नुसता उठला, बूट चढवले, फावडं घेतलं आणि बाहेर गेला. दारासमोर बर्फ काही फारसं नव्हतं. त्याने आमची वाट साफ केली, मग शेजाऱ्यांची, मग त्यांच्या पलीकडच्यांची. मी खिडकीत उभी होते. तो कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर दिसत होता.